या आता

१

माणसाला बसवणं सोपं, उठवणं कठीण. कशेळीच्या केसरीनाथ शेठला ही दुसरी कला साधली होती, आणि सुताच्या धंद्यात तो टिकला तो निम्मा तिच्या जोरावर. काळूराम दलालाची गोष्ट बाजारात अजून सांगतात. हा काळूराम गादीवर एकदा टेकला की जेवणवेळ टळली तरी हलायचा नाही. भले भले व्यापारी त्याला पाहून मागच्या दाराने सटकत. केसरीनाथने काय केलं? त्याच्या हातावर सुपारी ठेवली, आधी आपल्याच चपला पायात सरकवल्या, दोन्ही हात जोडले आणि तोंडभर हसून म्हणाला, "बरंय, या आता." काळूराम हसत बाहेर पडला. आपल्याला हाकललं हे त्याला पार वंजारपट्टी नाक्यावर पोचल्यावर कळलं.

आपल्यात कोणाला 'जा' म्हणत नाहीत. जाणारा म्हणतो 'येतो', घरातला म्हणतो 'या', आणि कोण कुठे चाललंय ते दोघांनाही बरोबर कळतं. परक्या मुलखातल्या माणसाला हे समजवायला गेलं तर तो आपल्याला वेड्यात काढील. केसरीनाथने मात्र जन्मात कधी कोणाला 'जा' म्हटलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

तेव्हा पुढे जे झालं त्यात तो चुकला असं कोणी म्हणू नये. तो वागला ते रीतीनेच वागला.

२

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भिवंडीत कॉम्प्युटर हा शब्दसुद्धा कोणी धड उच्चारत नव्हतं, तेव्हा केसरीनाथने एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला. बाजार हसला. सुताचे हिशेब करायला म्हणून घेतला असं त्याने सगळ्यांना सांगितलं. खरं कारण दौलत होता.

दौलत त्याचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. केसरीनाथनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं. मोठा झाल्यावर दौलत लूमवर गेला, आणि कापसाची भुकटी त्याच्या छातीत जाऊन बसली. दोनदा खोकायचा, थांबायचा, पुन्हा दोनदा. भिंतीपलीकडून येणारा तो आवाज ऐकतच केसरीनाथ झोपायचा. ठाण्याच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, "याला भुकटीतून बाहेर काढा. नाहीतर मला पुन्हा विचारू नका." पण दौलत हट्टी. फुकट बसून खाणार नाही म्हणे.

मग केसरीनाथला कुठूनसं कळलं, की कॉम्प्युटर नावाच्या यंत्राला धूळ चालत नाही. त्याला बंद, थंड, स्वच्छ खोली लागते आणि तिच्यात एक माणूस कायम बसवावा लागतो. झालं. गोदामाला लागून खोली बांधली, एसी लावला, दौलतला भिवंडीत टायपिंगच्या क्लासला घातलं. जिथे यंत्र जगेल तिथे भाऊ जगेल, असा साधा व्यापारी हिशेब.

यंत्र आलं मुंबईच्या एका बंद पडलेल्या कचेरीतून, ट्रकमध्ये, पेंढ्यात गुंडाळून. तीन लोखंडी कपाटं आणि त्यांना जाड वायरने जोडलेला एक टाइपरायटर. यंत्राला जे बोलायचं ते टाइपरायटर आपोआप कागदावर उमटवायचा. आपण टाइप करू ते यंत्र ऐकायचं. ते चालू करून द्यायला ठाण्याहून टिपणीस नावाचे इंजिनिअर येत. पांढरा बुशशर्ट, आणि तोंडावर कायम कोणीतरी ताकात पाणी घातल्याचा भाव.

"शेठ, हे नुसतं लोखंड आहे," टिपणीस म्हणाले. "याची अक्कल या टेपवर आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती आत चढली की मग तुमचे हिशेब."

"म्हणजे मुकादम," केसरीनाथ म्हणाला. "कामगार हजर, माल हजर, पण मुकादम येत न्हाय तोवर सगळे विड्या फुंकत बसणार."

"मुकादम तर मुकादम. फक्त इथे विड्या फुंकू नका."

काम शुक्रवारी करायचं ठरलं. इतर दिवशी भिवंडीचे माग सुरू असले की विजेचा दाब असा नाचायचा की दिवे डोळे मिचकावत. शुक्रवारी मागांना सुट्टी. सगळा मुलूख एकदम मुका होतो. खाडीत बगळ्याने पाय उचलला तरी गोदामात ऐकू यावं.

टेपची चकती फिरू लागली. फिरता फिरता एका जागी थबकली. टाइपरायटरने कडाकडा एक ओळ छापली.

"काय बोलतो मुकादम?" केसरीनाथने विचारलं.

टिपणीसांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणतोय, जागा रिकामी नाही. आत आधीच कोणीतरी आहे."

३

"जुन्या मालकाचं काहीतरी राहिलं असेल," टिपणीस म्हणाले आणि त्यांनी आतलं सगळं पुसलं. टेप लावली. त्याच जागी थबकली, तीच ओळ.

स्पिरिटने टेपची वाट साफ केली. तीच ओळ. पुढच्या शुक्रवारी टेपची दुसरी प्रत आणली. तीच ओळ. वायर काढून यंत्र आठवडाभर तसंच मेलेलं ठेवलं आणि मग जोडलं. तीच ओळ, फक्त या वेळी अक्षरं इतक्या जोराने उमटली की कागदाला भोकं पडली. दौलतने तो कागद उजेडापुढे धरला, तर ओळीतून दिवसाचा प्रकाश आरपार आला.

"रागावलाय," दौलत म्हणाला आणि दोनदा खोकला.

"यंत्र रागावत नाही," टिपणीस खेकसले. "हातोड्या ढिल्या झाल्यात."

त्यांनी कपाटाच्या पोटातून एक चौकट अर्धी ओढून दाखवली. चौकटीत केसासारख्या तारा आडव्या-उभ्या ताणलेल्या, आणि तार जिथे तारेला भेटते तिथे खसखशीहून बारीक लोखंडी कडं ओवलेलं. "ही त्याची मेमरी. आठवण. वीज गेली तरी यातलं जात नाही. म्हणून हा त्रास."

केसरीनाथ खाली वाकला. "साहेब, हे तर विणलंय! ताणा हाय, बाणा हाय."

"विणलेलंच असतं. बायका हाताने ओवतात."

कापड तपासायचं भिंग केसरीनाथच्या खिशात कायम असे. ते त्याने डोळ्याला लावलं. वीण सुरेख होती, अगदी एकसारखी. पण मधोमध एका बोटाएवढ्या जागेत त्याची नजर अडकली. "इथे रफू केलाय," तो म्हणाला.

रफूचं एक असतं. कितीही चांगला रफूगार असो, गाठ कुठेतरी मारावीच लागते, आणि गाठी ज्या बाजूला, त्या बाजूला रफूगार बसला होता हे ओळखावं. केसरीनाथने पुढून पाहिलं, गाठी नव्हत्या. चौकटीच्या मागे आरसा धरून पाहिलं, तिकडेही नव्हत्या. मग भिंग अगदी जवळ नेलं, तेव्हा दिसल्या. गाठी आत होत्या. रफू करणारा आत बसला होता.

एकपदरी जाळीला 'आत' अशी बाजूच नसते, हे त्याला भिंग खिशात ठेवताना सुचलं. त्याने ते टिपणीसांना सांगितलं.

"शेठ," टिपणीस चौकट ढकलत म्हणाले, "तुम्ही सूत बघा. हे मी बघतो."

४

इतर दिवशी त्या खोलीत दौलत एकटाच असे. टायपिंगचा सराव करायचा, फडकं मारायचा. खोकला थोडा उतरला होता. केसरीनाथ मनात नवस बोलून बसला होता.

"दादा," एक दिवस दौलत म्हणाला, "खुर्ची गरम असते."

"तूच बसतोस, गरम न्हाय व्हनार?"

"मी बसायच्या आधी."

केसरीनाथ हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप त्यानेच उघडलं आणि आधी जाऊन खुर्चीवर हात ठेवला. खोली बर्फासारखी. कपाटांचं लोखंड हाताला चटका देईल इतकं गार. आणि टाइपरायटरपुढची खुर्ची गरम. एसटीत एखादा माणूस आपल्यासाठी उठतो आणि त्याच्या जागेवर आपण बसतो, तेव्हा जी नकोशी ऊब लागते, तीच.

खिडकीतून ऊन येत असेल म्हणावं, तर खिडकी नव्हती. यंत्राची ऊब म्हणावी, तर वायर भिंतीपाशी सुटी पडलेली. एसीची गरम हवा उलटी फिरत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर गिऱ्हाईक माल टाकून गेलं असतं, इतकं ते कच्चं होतं.

त्या शुक्रवारी टेप थबकली, आणि छापलेली ओळ वेगळी होती. टिपणीसांनी ती वाचली, आणि कागद फाडून खिशात घातला.

"काय म्हणतोय?"

"काही नाही. बिघाड आहे." मग थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "विचारतोय, खुर्चीत बसतो तो कोण?"

टिपणीसांनी आपली पिशवी भरायला घेतली. जेवून येतो, आणि आल्यावर एकदाच शेवटचा प्रयत्न करतो, म्हणाले. नाही जमलं तर यंत्र पुन्हा पेंढ्यात.

ते गेल्यावर दौलत भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्चीत बसला नाही. "सोड दादा. मी आपला लूमवर बरा. सोमवारपासून शिफ्ट धरतो."

"तुला लूमवर मरायला वाढवला न्हाय मी."

"मंग हितं बसून काय करू? मशीन चालत न्हाय, मी नुसता गारठत बसतो. हौसाला लोक इचारतात, नवरा काय काम करतो. ती काय सांगंल, खुर्ची राखतो?"

हौसा दौलतची बायको. तिच्या मानासाठी दौलत छाती फोडून घेईल, हे केसरीनाथला ठाऊक होतं. म्हणजे यंत्र गेलं की भाऊ लूमवर, आणि भाऊ लूमवर गेला की डॉक्टरला पुन्हा विचारायचं नाही.

५

"आत कोन तरी बसलाय न्हवं?" केसरीनाथ म्हणाला. "मंग उठवू. त्यात काय!"

त्याने गादीमागच्या देवापुढचा नारळ आणला, सुपारी आणली, आणि दोन्ही टाइपरायटरपुढे ठेवलं. आधी चपला पायात सरकवल्या. दौलत खोकता खोकता हसू लागला.

"काळूराम समजलास काय रं?"

"पाहुणा तो पाहुणा. मान दिला की उठतो. बस तू, आनि टाइप कर. बरंय, या आता."

"इंग्लिश अक्षरांत?"

"त्याला कळंल त्यात."

दौलत खुर्चीत बसला. बसताना एकदा कचरला, तसा दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एकेक अक्षर शोधत तो टाइप करू लागला, आणि केसरीनाथने दोन्ही हात जोडून, तोंडभर हसून, मोठ्याने म्हटलं, "झाला पाहुणचार. बरंय, या आता."

काळूराम असता तर उठून गेला असता. मराठी माणूस होता तो.

बराच वेळ काहीच झालं नाही. दौलत खोकला, पहिला खोकला पुरा झाला, दुसरा मध्येच तुटला, धागा तुटावा तसा. आणि चकती आपोआप फिरू लागली. जिथे थबकायची ती जागा आली, गेली, आणि टेप सरळ शेवटपर्यंत धावली. टाइपरायटरने एक छोटी ओळ छापली, हलक्या हाताने, भोक न पाडता.

टिपणीस आले, ओळ वाचली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावरचं ताक घट्ट झालं. "चढली! सिस्टिम चढली, शेठ! काय केलंत?"

"रीत," केसरीनाथ म्हणाला. आनंदाने त्याला धड बोलता येईना.

दौलत खुर्चीतून उठला. सावकाश, हातापायांना नवी खोळ घातल्यासारखा. "बरं वाटतंय," तो म्हणाला. दोघांकडे पाहिलं, आणि दाराकडे वळला. "जातो."

केसरीनाथने त्याला हटकलं. "येतो म्हणावं रं."

दौलतने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, नवा शब्द ऐकल्यासारखं. मग उंबरा ओलांडून बाहेर गेला.

६

खोकला थांबला. त्या दिवशी आला नाही आणि नंतरही नाही. केसरीनाथने देवळात जाऊन नवस फेडला. हौसाने शेजारीपाजारी गोड वाटलं. टिपणीस कामाचे कागद पुरे करून ठाण्याला निघून गेले.

एकच चमत्कारिक झालं, दौलत यंत्राच्या खोलीत पाऊल टाकेना. दारापर्यंत यायचा, चौकटीशी उभा राहायचा आणि विचारायचा, "येऊ?" केसरीनाथ काहीतरी काम काढून त्याला परत वळवायचा. का वळवतो, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ज्या खोलीसाठी एवढा खटाटोप केला, त्याच खोलीच्या दारात तो स्वतः भावाला अडवत होता.

मग हौसा आली. पदर सारखा करून दाराआड उभी राहिली.

"भाऊजी, ह्यांना तुमी काय शिकवलंत?"

"काय झालं गं?"

"घरात येत न्हाईत. उंबऱ्याभायेर उभे ऱ्हातात. परवा मी चुलीपाशी होते. म्हटलं थट्टा करतायत. भात करपला तरी उभेच. शेवटी 'या आता' म्हटलं, तवा आत आले." तिने पदर पुन्हा सारखा केला. "खोकला गेला, देव पावला. पन भाऊजी, झोपल्यावर श्वासबी ऐकू येत न्हाय."

केसरीनाथ म्हणाला, छाती मोकळी झाली की श्वास हलका होतो. शब्द तोंडातून निघाले तसं त्याला आठवलं, गरम खुर्चीसाठीही आपण असंच कच्चं कारण शोधलं होतं.

"मी पूर्णेला आईकडं जाऊन येते थोडे दिस," हौसा म्हणाली. तिचं बोचकं आधीच बांधून पायरीवर ठेवलेलं होतं. "येते, भाऊजी."

'ये' म्हणायला केसरीनाथने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याने नुसते हात जोडले. हौसा मागे न बघता रस्त्याला लागली.

७

शुक्रवार होता. दुपारचं ऊन गोदामाच्या पत्र्यावर तडतडत होतं, आणि त्याखेरीज सगळ्या मुलखात आवाज नव्हता. केसरीनाथने यंत्राची वायर सकाळीच काढून टाकली होती. काढली म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

तो गादीवर बसला होता तेव्हा खोलीतून आवाज आला. ठक ठक. मग शांत. ठक ठक.

शुक्रवारी माग चालत नाहीत. उंदीर असेल. पत्रा तापून वाजत असेल. पण केसरीनाथ उठून उभा राहिला होता, कारण ती चाल त्याच्या ओळखीची होती. भिंतीपलीकडून ती ऐकत ऐकत तो वर्षानुवर्षं झोपला होता.

खोली उघडली. टाइपरायटरचा हातोडा कोऱ्या कागदावर पडत होता. दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा. केसरीनाथने कपाटाचं दार उघडलं, जाळीची चौकट होती तिथेच ठेवून भिंग डोळ्याला लावलं आणि वाकला.

रफू नव्हता. तिथली वीण आता कोऱ्या कापडासारखी नितळ होती. पण तिच्या शेजारी, एका नखाएवढ्या जागेत, तारा हलत होत्या. बाहेरच्या बाजूला फुगत होत्या, दोनदा, आणि मग आत ओढल्या जात होत्या. तोंडावर पातळ फडकं ताणून बांधावं आणि खालच्या माणसाने हवेसाठी धडपडावं, तशा.

भिंग त्याच्या हातातून पडलं.

टाइपरायटर छापू लागला. केसरीनाथला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सुताच्या गासड्यांवरच्या खुणांमुळे अक्षरं ओळखू यायची. त्याने एकेक अक्षर बोट ठेवून लावलं. वाय. ई. टी. ओ.

येतो.

"दौल्या!" तो ओरडला, आणि धावत जाऊन खुर्चीत बसला. खुर्ची गार होती. त्याचं जाड बोट वायवर गेलं, आणि तिथेच थांबलं.

येतो. दौलत परत येतो म्हणत होता, की निरोप घेत होता? आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे. आयुष्यभर असल्याच शब्दांवर केसरीनाथने माणसं उठवली होती, आणि आज हा शब्द त्याच्यापुढे नुसती चार अक्षरं होऊन पडला होता. मागच्या वेळी आपण पाहुण्याला जा म्हणालो. पाहुण्याने काय ऐकलं?

हातोडा पुन्हा पडला. दोनदा. या वेळी फार हलका.

मग विचार करायला वेळ नव्हता. त्याने दाबलं. वाय. ई.

ये.

टाइपरायटर गप्प झाला. केसरीनाथ वाट बघत राहिला. खाली वाकून त्याने भिंग उचललं, कपाटात डोकावला. सगळ्या तारा सारख्या, स्थिर, गार. कुठे काही हलत नव्हतं.

आणि मागे, दारात, कोणीतरी खोकलं. दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा.

केसरीनाथ वळला. दौलत उभा होता, छातीवर हात, डोळ्यांत खोकून आलेलं पाणी, ओठांवर तेच ओशाळं हसू.

"दादा, येतो म्हनालो न्हवं?" दौलत म्हणाला. "आलो बघ."

"दौल्या," केसरीनाथ म्हणाला. त्याला हुंदका आवरेना. त्याने दोन्ही हात पसरले. "दौल्या रं. ये. ये हिकडं."

दौलत हसला. खोकला, बरोबर दोनदा. पण पाय हलले नाहीत. दोन्ही पाय उंबऱ्याच्या बाहेर, एकाशेजारी एक, नीट जुळवून ठेवलेले होते.

"ये ना रं," केसरीनाथ म्हणाला.

"असं न्हाय, दादा," तो म्हणाला. "त्या दिवशी म्हनालास तसं म्हन. हात जोडून. या."